उतारावरचे विशे सर

कोणी विशे सरांना आपली गाडी दाखवली की सर आधी तिच्या मागच्या बाजूला जायचे. बाकीचे लोक गाडी पुढून बघतात, दिवे बघतात, काचा बघतात. सर मागं जाऊन गुडघ्यावर बसायचे, सायलेन्सरच्या नळीत बोट घालून एक वेढा फिरवायचे आणि ते बोट उजेडात धरायचे. कोरडी काळी काजळी आली तर म्हणायचे, "खादाड आहे." बोट चिकट झालं तर, "तेल पितेय ही." आणि राखाडी-तपकिरी हलका थर आला तर चेहरा खुलायचा. "पोट बरं आहे हिचं." मग खिशातला रुमाल काढून बोट पुसायचे. तो रुमाल मूळचा कोणत्या रंगाचा होता ते आम्हाला कधी कळलं नाही.

मुरबाडजवळच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात ते आम्हाला ऑटोमोबाईलचा डिप्लोमा शिकवायचे. मी वैशाखऱ्याजवळच्या आमच्या वाडीतली. आमच्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं आणि वर्गात मुली अशा दोघीच होतो. सरांबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, मला खात्री नाही. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. लग्न का केलं नाही, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. इतकं माहीत होतं की ते टोकावड्याचे, आधी पुण्याकडं छोट्या गाड्यांच्या इंजिनांच्या एका कारखान्यात बरीच वर्षं तपासणी विभागात होते, आणि ती नोकरी सोडून गावी आले. का सोडली, असं एकदा एका मुलानं विचारलं. सर म्हणाले, "तिथं इंजिन एका खोलीत बांधून ठेवलेलं असायचं. दिवसभर पळायचं, पण गाव काही यायचं नाही."

ते आम्हाला सगळ्यांना अहो-जाहो करायचे. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना आडनावानं आणि "अहो" म्हणून. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, "अहो पारधी, तुमच्या घरी स्वयंपाक चुलीवर होतो का?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मला वाटलं, मी वाडीतली म्हणून विचारतायत. मी मान हलवली.

"धूर होतो?"

"कधीकधी होतो सर."

"कधी?"

"लाकूड ओलं असलं की."

"आणि सुकं असून झाला तर?"

मी जरा विचार केला. "तर लाकडं फार कोंबलेली असतात. वारा जायला जागा नसते."

"मग आई काय करते?"

"एक लाकूड मागं ओढते सर."

सर वळले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, एक लाकूड मागं ओढणे. म्हणाले, "तीन वर्षं आपण हेच शिकणार आहोत. धूर म्हणजे न जळलेलं इंधन. तो डोळ्यांत जातो आणि लाकूडही वाया जातं. जुन्या गाडीत हे लाकूड कार्ब्युरेटर नुसत्या अंदाजानं मागंपुढं करायचा. नव्या गाडीत धुराच्या वाटेवर एक नाक बसवलंय. त्याला वास आला की ते आत निरोप धाडतं, पेट्रोल कमी करा. पारधींच्या आईकडं हे नाक आधीपासून आहे."

कोणी हसलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्येला काय, चुलीम्होरं बसला असंल कधी तरी." पुढं पुस्तकात ऑक्सिजन सेन्सर हा शब्द आला तरी आमच्या वर्गात तो "नाक" म्हणूनच चालला. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले तेव्हा एका मुलानं "सर, ते नाक..." अशी सुरुवात केली आणि सर खिडकीबाहेर बघत बसले.

अभ्यासक्रम मात्र त्यांचा कधी पूर्ण झाला नाही. एक धडा आवडला की त्यातच महिना जायचा. मोठ्या इंजिनांबद्दल त्यांना कौतुक नव्हतं. "मोठ्या इंजिनाचं काय, चूक केली तरी ताकद उरते. छोट्याला चूक परवडत नाही," म्हणायचे. छोट्या गाडीच्या इंजिनाचा उभा कापलेला एक नमुना प्रयोगशाळेत होता. त्याच्या पिस्टनवर, व्हॉल्व्हवर बोट ठेवून ते बोलायला लागले की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू यायची नाही. गाडी शिकवताना मात्र चिडायचे. ॲक्सिलरेटरवर कोणी जोरात पाय दिला की ओरडायचे, "आवणात असा पाय ठेवता का तुम्ही? रोपं मोडतील ना." आमच्यातले निम्मे जण आवणात भातलावणी करून आलेले. आम्हाला ते लगेच कळायचं.

एकदा सर एसटीतून मांडीवर लोखंडी डबा घेऊन कॉलेजला आले. त्याचं असं झालं होतं की मुरबाडमधल्या एका वीटभट्टीवाल्यानं नवी छोटी गाडी घेतली होती, आणि कोणीतरी त्याला सांगितलं की सायलेन्सरच्या नळीत हा जो डबा बसवलाय तो गाडीला ओढून धरतो, काढून टाक, पिकअप वाढेल. त्यानं काढला. सर त्याच्याकडं गेले, समजावून बघितलं. तो म्हणाला, "सर, गाडी हलकी झाली हो."

"हलकी झाली हे खरं आहे," सर म्हणाले. "पण यात गाडीचा विषारी वायू साफ होतो. आता तो तुमच्या भट्टीवरच्या पोरांच्या नाकात जाणार."

"भट्टीचा धूर काय कमी आहे का सर?"

 सरांनी एवढंच विचारलं, की तुम्हाला नको असेल तर मी हा नेऊ का. एसटीत शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय रं त्ये, मास्तर?" सर म्हणाले, "मधाचं पोळं." म्हातारीनं वास घेऊन बघितला आणि तोंड वाकडं केलं.

वर्कशॉपमध्ये त्यांनी तो डबा करवतीनं उभा कापला. आत खरंच पोळं होतं. मातीच्या भाजलेल्या भांड्यासारखं काहीतरी, आणि त्याला आरपार बारीक बारीक चौकोनी घरं. आमच्या वाडीतले लोक कड्यावरची पोळी काढतात, त्यामुळं मी ते बराच वेळ हातात धरून बघत राहिले. सर म्हणाले, "या घरांच्या भिंतीला आतून प्लॅटिनमचा हात फिरवलाय. सोन्याच्या वरचा धातू. वायू यातून जाताना बदलतो. शिसं मिसळलेलं पेट्रोल घातलं तर ही घरं मरतात, म्हणून आधी पेट्रोल बदलावं लागलं, मग हा आला." मग जरा थांबून म्हणाले, "त्याला हे आधी कापून दाखवायला पाहिजे होतं. मी नुसतं बोललो." नुसतं बोललो, हे ते स्वतःबद्दल बरेचदा म्हणायचे आणि तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर पडायचा.

दुसरी गोष्ट शेणवे गावच्या लग्नातली. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या बहिणीचं लग्न होतं आणि सगळा वर्ग गेला होता. भात झोडून झालेलं होतं. गाड्या उभ्या करायला जागा नव्हती म्हणून पाहुण्यांच्या गाड्या खळ्यावर लावल्या होत्या, आणि खळ्यावर पेंढा पसरलेला. अक्षता पडायच्या होत्या. सर पांढरा सदरा घालून आले, मांडवाकडं न जाता खळ्यावर गेले आणि एकेका गाडीखाली वाकून बघायला लागले. मग एका गाडीखाली चक्क आडवे झाले.

नवरीचा मामा धावत आला. "सर, नवरी बघायला आलात का सायलेन्सर?"

"गाडी काढा," सर खालूनच म्हणाले. "ही, आणि ती शेजारची."

"आता मुहूर्तावर? ड्रायव्हर जेवाय बसलाय."

"उठवा त्याला."

"अहो सर, कुणाच्या पाहुण्याला जेवणावरून उठवायचं म्हणजे..."

सर बाहेर आले. त्यांच्या हातात पेंढ्याची एक मूठ होती आणि तिची टोकं लाल होती. धूर अगदी बारीक येत होता. गाडीखालचा तो पोळ्याचा डबा चालून आल्यावर चांगलाच तापलेला असतो, आणि जुन्या गाड्यांना तो नव्हता, त्यामुळं पेंढ्यावर गाडी लावणं इथं आजवर कोणाला वावगं वाटलेलं नव्हतं. मग धावपळ झाली. बायकांनी पाण्याच्या कळश्या आणल्या, गाड्या ढकलून शेतात काढल्या. पेंढ्याची गंजी बाजूलाच होती, तिथवर काही पोचलं नाही. मामानं सरांना पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतः वाढलं. तरी जाताना म्हणाला, "पण सर, ज्या गाडीखाली आग लागते ती सुधारलेली कशी म्हणायची?" सरांना हा प्रश्न फार आवडला. पुढच्या आठवड्यात त्यांनी तो आम्हाला चाचणीत घातला.

आता दत्ताभाऊंबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या मते सरांच्या मनात बाकी सगळ्यापेक्षा तीच एक काळजी होती.

दत्ताभाऊ म्हणजे सरांचे धाकटे भाऊ. टोकावड्याच्या नाक्यावर त्यांची छोटी व्हॅन उभी असायची. माळशेज घाट चढून पलीकडं ओतूर, आळेफाट्यापर्यंत सवारी न्यायची आणि आणायची. आमच्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांची एक जुनी रीत होती. घाटमाथ्यावरून उतार सुरू झाला की गाडी न्यूट्रल करून सोडून द्यायची. पेट्रोल वाचतं म्हणून. कोणी किती लांबपर्यंत गाडी "सोडली" यावर नाक्यावर चहा ठरायचा. वैशाखऱ्याच्या देवळापर्यंत गिअर न टाकता येणारा सगळ्यांत तयार गडी. दत्ताभाऊ त्यांतलेच, आणि त्यात पटाईत.

जुनी गाडी विकून त्यांनी नव्या पद्धतीच्या इंजिनाची व्हॅन घेतली, ती सरांच्याच सल्ल्यानं. या इंजिनात संगणक पेट्रोलचे थेंब मोजून सोडतो. आणि त्याची एक गंमत सरांनी आम्हाला पाच-सहा वेळा तरी सांगितली असेल. गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर पाय काढला, की चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. थेंबही जात नाही. उलट न्यूट्रल केलं, की इंजिन विझू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे जे वाचवायला न्यूट्रल करायचं, तेच न्यूट्रलमध्ये जास्त जातं. वर गाडीला इंजिनाचा रोध राहत नाही, सगळा भार ब्रेकवर.

"कारखान्यात याच कामावर मी होतो," सर म्हणायचे. "पेट्रोल बंद होऊन परत सुरू होताना गाडीला हिसका बसायचा. तो घालवायला आम्हाला फार दिवस लागले. आणि माझा भाऊ ती गाडी न्यूट्रलवर आणतो."

दत्ताभाऊंना हे पटत नव्हतं. "दादा, इंजिन फिरतंय आन् पेट्रोल बंद? मंग फिरतंय कशावर, हवंवर?"

म्हणून सरांनी दिवा बसवला. इंजिनात पेट्रोल सोडणारी जी तोटी असते तिच्या तारेला एक छोटा दिवा जोडला आणि तो स्टिअरिंगच्या वर चिकटवला. पेट्रोल सुटलं की दिवा लुकलुकणार. एका रविवारी नाक्यावरचे तीन-चार ड्रायव्हर आणि आम्ही दोघी मुली, असे दाटीवाटीनं बसून घाटमाथ्यावर गेलो. उतार लागला, दत्ताभाऊंनी सवयीनं न्यूट्रल केलं. दिवा लुकलुकत राहिला. "आता तिसरा टाक," सर म्हणाले. त्यांनी तिसरा टाकला, पाय काढला, आणि दिवा विझला. गाडी उतरतेय, इंजिन गुणगुणतंय, आणि दिवा बंद. मी दिव्याकडंच बघत होते. दोन वळणं गेली तरी दिवा लागला नाही. सर सगळ्यांकडं वळून बघत होते. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

नाक्यावर उतरल्यावर एक ड्रायव्हर म्हणाला, "दत्ता, तुझ्या गाडीचं तुलाच नाय ठाव, हां." दुसरा म्हणाला, "वरसभर पेट्रोल सांडत आलास की रे." सगळे हसले. सरही हसले. दत्ताभाऊंनी तो दिवा तारेसकट उपटला आणि सरांच्या हातात दिला. "ठेव तुझ्या शाळंत," म्हणाले, आणि चहा न पिता गेले.

त्यानंतर काही दिवसांनी मी मावशीकडून, ओतूरहून येत होते. दत्ताभाऊंची गाडी मिळाली. माझ्या शेजारी तान्हं बाळ घेतलेली एक बाई होती, माहेरी मुरबाडला निघालेली. घाटमाथा ओलांडला आणि अचानक सगळं शांत झालं. बाळाचा श्वास ऐकू यायला लागला, बाईच्या बांगड्या ऐकू यायला लागल्या. मला क्षणभर कळलं नाही काय झालं. मग लक्षात आलं. दत्ताभाऊंनी किल्लीच बंद केली होती.

ते आरशात माझ्याकडं बघून म्हणाले, "सांग तुझ्या सरांना. आता दिवा पन नाय आन् पेट्रोल पन नाय."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. इंजिनच बंद असलं की पेट्रोल जायचा प्रश्नच नव्हता. पहिली दोन वळणं त्यांनी छान घेतली. तिसऱ्या वळणावर समोर शेळ्या आल्या, सगळा रस्ता अडवून. दत्ताभाऊंनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबेना. ते सीटवरून अर्धवट उभे राहिले, दोन्ही पाय पेडलवर. बाईनं बाळ छातीशी धरलं. शेळ्या पांगल्या, आणि गाडी कठड्याला डावी बाजू घासत जाऊन थांबली. कोणाला लागलं नाही. शेळ्यावाल्या पोरानं शिव्या दिल्या. दत्ताभाऊ खाली उतरले, घासलेल्या दारावरून हात फिरवला, मग गाडी सुरू करून मुकाट गिअरवर खाली आणली. बाईला म्हणाले, "ताई, घाबरलाव काय?" तिनं बाळाला पदराखाली घेतलं.

सरांना सांगावं की नाही, हे मला दोन दिवस कळेना. चहाडी केल्यासारखं वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशीही गाडी घाटावर जाणार होती, तिसऱ्याही. शेवटी मी तास संपल्यावर सांगितलं.

सर फळा पुसत होते. "किल्ली?" म्हणाले. "किल्ली बंद केली?" मग फळा पुसायचं राहिलं. मला वाटलं आता चिडतील. ते म्हणाले, "त्याला मी पेट्रोलचं गणित शिकवलं. त्यानं ते माझ्यापेक्षा बरं सोडवलं." आणि खुर्चीत बसले.

पुढच्या रविवारी दोघे भाऊ वैशाखऱ्याला आले. शाळेमागच्या मैदानात गाडी उभी केली. सरांनी मला निरोप पाठवला होता, तुम्ही गाडीत होतात, तुम्हीही या. नाक्यावरचं कोणी नव्हतं. सर शेजारच्या सीटवर बसले, मी मागं. गाडी बंद होती.

"ब्रेक दाब, दत्त्या."

"सपाटीला?"

"दाब तर."

"दाबला."

"सोड. परत दाब."

"दाबला रं."

"परत."

दत्ताभाऊ थांबले. त्यांनी खाली पायाकडं बघितलं. परत दाबून बघितला. "दगुड झाला."

"तसाच दाबून धर. पाय काढू नको. आता सुरू कर."

किल्ली फिरली, इंजिन लागलं, आणि दत्ताभाऊंचा पाय आपोआप खाली गेला. मला मागून त्यांचा गुडघा खाली जाताना दिसला.

"ग्येला," ते म्हणाले.

"इंजिन चालू असलं की ते तुझ्याबरोबर ब्रेक ओढतं. बंद केलंस की पहिल्या एक-दोन वेळेपुरतं त्याचं उरलेलं बळ असतं. नंतर तू एकटा. आठ माणसांची गाडी आणि तू एकटा."

दत्ताभाऊंनी परत इंजिन बंद केलं, परत दाबून दगड करून बघितला, परत सुरू केलं. असं त्यांनी तीनदा-चारदा केलं. लहान मुलं दिवा लावून-मालवून बघतात तसं. मग हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले.

"ह्ये तू नाक्यावर का नाय बोललास?"

"तेव्हा मला दिवा दाखवायची हौस होती," सर म्हणाले.

सर पुढच्या काचेतून बघत म्हणाले, "न्यूट्रल तुला कोणी शिकवलं, आठवतं का?"

"तूच की. मुरबाडच्या डाक्टरच्या गाडीवर डायवर व्हतास तवा."

"हो. तू शेजारी बसायचास. तेव्हा ते खरं होतं. त्या गाडीचा कार्ब्युरेटर उतारावरही पेट्रोल ओढायचा. न्यूट्रल केलं की वाचायचं. मी तुला खोटं शिकवलेलं नव्हतं."

"मी कुठं बोल्लो खोटं?"

"पण आता ते खरं राहिलं नाही. आणि ज्यांनी ते बदललं त्यांत मी होतो. तिकडं बदलत बसलो आणि इकडं तुला सांगायला आलो नाही." त्यांचा आवाज जरा खाली गेला. "ते शिकवलेलं परत दे मला, दत्त्या."

"दिल्यालं परत मागतो व्हय?"

"मागतो."

दत्ताभाऊ हसले, पण नाक्यावरच्यासारखे नाही. "बघू," म्हणाले. "हाताला सवय हाय, दादा. डोक्याला कळलं तरी हात जातो." आणि मला म्हणाले, "तू गप बसलीस ती काय मागं? उतर, घरी जा आता."

त्यांनी सवय सोडली की नाही, ते मला पुढं वर्षभर नक्की कळलं नाही. सरांना विचारायला जीभ रेटली नाही. सर वर्गात पुन्हा तो विषय काढत नव्हते, आणि दिवा आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात पडून होता. डिप्लोमा झाला. मला पुण्याकडं डिग्रीला प्रवेश मिळाला. आमच्या वर्गानंतर मुलं कमी झाली आणि कॉलेजातली ती शाखाच बंद झाली, असं ऐकलं. सर मग गावीच राहिले.

मला ते शेवटचे दिसले, ते दिवाळीच्या सुट्टीला घरी येताना. आळेफाट्याला मी एसटीची वाट बघत होते, तेवढ्यात दत्ताभाऊंची व्हॅन थांबली. "बस गो. वैशाखरं ना?" मी मागचं दार उघडून बसले. पुढच्या सीटवर सर होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून दत्ताभाऊ त्यांना घरी नेत होते. मी नमस्कार केला. सरांनी मान वळवली, दुसऱ्या डोळ्यानं मला शोधलं. "अहो पारधी," म्हणाले, "तुमच्याकडं आता काय शिकवतात?" मी सांगत गेले, ते विचारत गेले. एका प्राध्यापकांनी सेन्सरबद्दल जे सांगितलं होतं ते त्यांना पटलं नाही, त्यावर घाटमाथ्यापर्यंत बोलले. डॉक्टरांनी जास्त बोलू नका सांगितलंय, असं दत्ताभाऊ दोनदा म्हणाले.

माथा ओलांडला. दत्ताभाऊंनी दुसरा गिअर टाकला आणि हात तसाच गिअरच्या दांड्यावर ठेवला. इंजिनाचा आवाज चढला आणि एकसारखा राहिला. मी सरांना पुढचं काहीतरी सांगत होते, पण उत्तर येईना. दत्ताभाऊ हळूच म्हणाले, "बघ गो, झोपला काय?"

मी पुढं वाकून बघितलं. सर झोपले होते. मान खिडकीकडं कलली होती, तोंड थोडं उघडं, श्वास संथ, हात मांडीवर सैल पडलेले.

"झोपले," मी म्हणाले.

"झोपू दे," दत्ताभाऊ म्हणाले. जरा वेळानं, रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "माझ्या गाडीत घाटात ह्यो कंदी डोळा मिटला न्हवता. माझ्या हाताकडं बघत बसायचा."

वळणं येत होती आणि मागं पडत होती. त्यांचा डावा हात दांड्यावरून हलला नाही.

वैशाखऱ्याला मी उतरले. सरांच्या पाया पडावं असं मनात होतं. दत्ताभाऊंनी ओठावर बोट ठेवलं आणि मानेनं नको म्हणून सांगितलं. मग त्यांनी पहिला गिअर इतक्या सावकाश टाकला, की गाडी निघाली तरी सरांचं डोकं खिडकीवरून जरासुद्धा हललं नाही.